‘म्हणून’ लिहिण्यापूर्वी

गोव्यातील तिसवाडी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाने आपल्या वार्षिक अंकासाठी खाजन शेती, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतली शेती, हा विषय निवडला आणि मुख्य लेखाची जबाबदारी माझ्याकडे सोपवली, तेव्हा माझ्याजवळ माहितीची उणीव नव्हती. एका मराठी दैनिकासाठी बरीच वर्षे बातमीदारी केलेली असल्यामुळे बांध फुटल्याच्या, मानशीच्या (बांधातील पाण्याच्या दाराच्या) पावणीवरून, म्हणजे तिथे मासे धरण्याच्या हक्काच्या लिलावावरून, वाद झाल्याच्या आणि शेतात खारे पाणी शिरून भात करपल्याच्या बातम्या मी वेळोवेळी लिहिल्या होत्या. त्यांची कात्रणे होती, गावातील वयोवृद्ध शेतकऱ्यांशी झालेल्या संभाषणांच्या वह्या होत्या, पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून काढलेली टिपणेही होती. हवे होते ते एवढेच की, या साऱ्या गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध वाचकाला सलगपणे उमगावा. त्या लेखाच्या निमित्ताने वाक्याला वाक्य आणि परिच्छेदाला परिच्छेद जोडणाऱ्या शब्दांचा जो विचार मला करावा लागला, तो येथे नोंदवत आहे.

बातमीची रचना या कामात फारशी उपयोगी पडत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. बातमीत सर्वांत महत्त्वाचे ते सर्वांत आधी येते, आणि जागा कमी पडली तर उपसंपादक शेवटचे परिच्छेद काढून टाकतो. तसे करता यावे यासाठी बातमीतील प्रत्येक परिच्छेद शक्य तितका स्वतंत्र ठेवायचा असतो. लेखात नेमके उलट घडते. तिथे चौथा परिच्छेद तिसऱ्याच्या आधाराने उभा असतो आणि तो आधार कोणत्या प्रकारचा आहे हे लेखकाला सांगावे लागते. मी माझी टिपणे क्रमाने लावून वाचली, तेव्हा प्रत्येक वाक्य खरे होते. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीखाली असलेली, बांध घालून राखलेली जमीन. बांध माती, दगड आणि गवत यांचा असतो. बांधाला मानस असते. मानशीवर मासे धरतात. कोरगुट नावाचे भात खारेपणा सोसते. १९६४ साली कूळ कायदा आला. पुष्कळ खाजने पडीक आहेत. ही वाक्ये वाचून कोणालाही माहिती मिळाली असती, परंतु खाजन पडीक का पडते हे मात्र समजले नसते.

जोडशब्द निवडण्यापूर्वी मी एक काम केले. टिपणांच्या वहीत दर दोन वाक्यांच्या मधल्या समासात त्यांचा संबंध पेन्सिलीने लिहीत गेले: कारण, परिणाम, विरोध, भर, उदाहरण, काळ, अट. शाळेत उभयान्वयी अव्ययांचे प्रकार आम्ही पाठ केले होते. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक ही समान दर्जाची वाक्ये जोडणारी, तर स्वरूपबोधक, उद्देशबोधक, कारणबोधक आणि संकेतबोधक ही एका वाक्याला दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारी. परीक्षेत ही नावे ओळखण्यापुरती लागत असत. या वेळी मात्र त्यांचा उपयोग प्रश्नांसारखा झाला. ही नवी गोष्ट आधीच्या गोष्टीत भर घालते, की तिला मर्यादा घालते? ती आधीच्या गोष्टीमुळे घडली, की केवळ तिच्यानंतर घडली? ती आपोआप घडली, की कोणी हेतूने घडवली? ज्या दोन वाक्यांच्या मध्ये काय लिहावे हे सुचेना, तिथे समास कोरा ठेवला. ते कोरे समास पाहताना माझ्या ध्यानात आले की, मला अडवणारी उणीव शब्दांची नव्हती. तिथे मला प्रत्यक्ष घडामोडीविषयीच आणखी काही जाणून घ्यायचे होते.

सर्वांत अधिक वेळ लागला तो कूळ कायद्याच्या परिच्छेदाला. आमच्या भागात एक विधान इतक्या वेळा ऐकू येते की, ते कोणी तपासत नाही: कुळे जमिनीची मालक झाली, म्हणून बांध मोडले. माझ्या कच्च्या मसुद्यासमोरही ते तयार होते. १९६४ चा गोवा, दमण व दीव कृषी कूळ कायदा आणि त्याची पाचवी दुरुस्ती, जिने १९७६ साली कुळांना कसत असलेल्या जमिनीचे मानीव मालक ठरवले, या दोन्ही नोंदी बरोबर होत्या. पुढच्या काळात पुष्कळ बांध खचले, हेही खरे होते. दोन्ही सत्यांच्या मध्ये ‘म्हणून’ हा एकच शब्द घालायचा होता. परंतु तो शब्द स्वतःच एक तिसरे विधान आहे, आणि त्याला पुरावा लागतो.

मी पुन्हा गावातील जाणत्यांकडे गेले. त्यांच्यापैकी एका आजोबांनी तरुणपणी बांधावर चिखल ओढण्याचे काम केलेले आहे. त्यांच्या बोलण्यातून जे उलगडत गेले ते असे. पूर्वी बांधांची देखभाल कोमुनिदाद, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था, आपल्या उत्पन्नातून करीत असे. जमीन कुळांची झाल्यावर त्या जमिनीचा खंड थांबला आणि देखभालीचे काम कुळांच्या संघटनेकडे गेले. येथवर कायदा आणि बांध यांच्यात सरळ कार्यकारणभाव होता. तथापि त्याच काळात तरुण मंडळी नोकरीसाठी पणजीला, वास्कोला आणि आखाती देशांत जाऊ लागली होती. खनिजाने भरलेल्या बार्जींची ये-जा नदीत वाढून त्यांच्या लाटा बांधाच्या पायथ्यावर आदळत होत्या. भाताला मिळणारा दर मजुरीलाही पुरेनासा झाला होता. यांतील एकही गोष्ट कूळ कायद्यातून निघालेली नव्हती. शिवाय आजोबांना कायद्यापूर्वी फुटलेले बांधही आठवत होते, म्हणजे ‘तेव्हापासून’ हा शब्ददेखील टिकणार नव्हता.

मग ते वाक्य मी असे लिहिले: ‘कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघटनांकडे आली, परंतु त्या सुमारास शेतीत राबणारे हात कमी होत गेले, नदीतील बार्जींची वर्दळ वाढली आणि भात परवडेनासे झाले, त्यामुळे जबाबदारी हाती येऊनही ती पेलण्याचे बळ अनेक ठिकाणी उरले नाही.’ या वाक्यात ‘नंतर’ आहे, ‘परंतु’ आहे, ‘त्यामुळे’ आहे आणि ‘येऊनही’ मधला ‘ही’ आहे. प्रत्येकाची जागा मी निवडून दिली, कारण त्यांतील एक जरी हलवला असता तरी दोष कोणाचा हे बदलले असते. आधीच्या रूपात कुळांवर ठपका होता. दुसऱ्या रूपात परिस्थितीचे वजन दिसते. गावातील अर्ध्या घरांनी वाचावा अशा लेखात हा फरक लहान नव्हता.

‘म्हणून’ या शब्दाने मला आणखी एका ठिकाणी थांबवले. मासे धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी होते आणि ती घेणारा मानशीच्या तोंडाशी जाळे लावून सुंगटे, शेवटे, चोणक असे मासे धरतो. शेतात खारे पाणी घुसण्यावरून होणाऱ्या बहुतेक तक्रारी येथेच सुरू होतात. माझ्या टिपणात दोन रूपे शेजारी शेजारी होती. ‘दार उघडे राहिले म्हणून मासे आत आले’ हे पहिले. ‘मासे आत यावेत म्हणून दार उघडे ठेवले’ हे दुसरे. शब्द तोच आहे, पण पहिल्यात तो परिणाम सांगतो आणि दुसऱ्यात हेतू. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद दोन ओळींत संपतो. गावात त्या भेदावरून माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. वाचनालयाच्या अंकाचे काम पाहणारे निवृत्त मराठी शिक्षक, ज्यांना आम्ही सारे सर म्हणतो, त्यांनी दुसऱ्या रूपावर बोट ठेवून विचारले, “बाय, हा हेतू तू पाहिलास, की ऐकलास?” मी ऐकलेला होता. लेखात मी ‘अशी शेतकऱ्यांची तक्रार असते’ हे शब्द जोडले आणि हेतूचे विधान तक्रार करणाऱ्यांच्या तोंडी ठेवले. ‘असे’, ‘की’, ‘म्हणतात’ ही स्वरूपबोधक जोडणीची साधने किती मोलाची असतात हे बातमीदाराला नव्याने सांगायला नको. तरीही लेखात ती तितक्याच काटेकोरपणे वापरावी लागतात.

मानशीच्या रचनेचा परिच्छेद मात्र आनंदाने लिहून झाला, कारण त्या यंत्रणेतच अट आणि परिणाम इतके स्पष्ट आहेत की मराठीतील जोडीने येणारे शब्द तिथे आपसूक बसतात. तो भाग असा आहे: ‘मानशीची लाकडी दारे एकाच बाजूला उघडतील अशी बसवलेली असतात. भरतीचे पाणी जसजसे चढते, तसतसा बाहेरून त्यांच्यावरील दाब वाढतो आणि ती मिटतात; ओहोटीला नदीची पातळी आतल्या पाण्याच्या खाली गेली, की आतील पाण्याच्या रेट्याने तीच दारे नदीकडे उघडतात आणि शेतात साचलेले पाणी वाहून जाते.’ जसजसे-तसतसे, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी, जितके-तितके ही मराठीची मोठी शक्ती आहे, असे मला वाटते. पहिला शब्द कानी पडताच वाचकाचे मन दुसऱ्याची वाट पाहू लागते, आणि त्यामुळे मधला मजकूर लांबला तरी धागा सुटत नाही. ज्या लांब वाक्यांना आपण बोजड म्हणतो, त्यांतील पुष्कळांमध्ये जोडीतला दुसरा शब्द गळालेला असतो. पहिला ‘जरी’ लिहून पुढे ‘तरी’ न देता ‘पण’ दिला, तर व्याकरणाला तो चालेलही, परंतु वाचकाने धरलेले बोट अर्ध्या वाटेत सुटते.

याच परिच्छेदात ‘च’ या एका अक्षराचे काम पाहायला मिळाले. ‘पावसाळ्याचे पहिले पाऊस मातीतील क्षार धुऊन नेतात, मग पेरणी होते’ असे मी लिहिले होते. हा केवळ क्रम झाला. ‘मगच पेरणी करता येते’ असे लिहिल्यावर तो क्रम अट झाला, आणि पाऊस लांबला तर खाजनातील शेतकरी इतका अस्वस्थ का होतो हे वेगळे वाक्य न लिहिता समजले. इंग्रजीच्या वळणाने जोडशब्द म्हणजे वाक्याच्या आरंभी बसवायचा शब्द, अशी आपली समजूत झालेली आहे. मराठीत जोडणीचे कितीतरी काम वाक्याच्या पोटात होते: ‘च’ आणि ‘ही’ करतात, ‘तर’ आणि ‘मात्र’ दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर बसून करतात, ‘फुटल्यामुळे’, ‘असूनही’, ‘ओसरताच’, ‘बांधून’ ही धातुसाधिते करतात. ‘बांध फुटला. त्यामुळे खारे पाणी शिरले. त्यामुळे भात गेले.’ हे तीन तुकडे ‘बांध फुटून खारे पाणी शिरल्यामुळे भात गेले’ या एका वाक्यात अधिक सहजपणे सांगता येतात.

‘पण’ आणि त्याची भावंडे यांच्याकडेही बारकाईने पाहावे लागले. कोरगुट भाताविषयी माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या: ते खारेपणा सोसते आणि त्याचे उत्पादन सुधारित जातींपेक्षा कमी येते. ‘कोरगुट खारेपणा सोसते, पण त्याचे उत्पादन कमी आहे’ असे लिहिले की वाचक ते भात सोडून देण्याच्या बाजूला झुकतो. ‘उत्पादन कमी आहे, पण कोरगुट खारेपणा सोसते’ असे लिहिले की तो ते राखण्याच्या बाजूला येतो. माहिती तीच, परंतु ‘पण’च्या पुढे जे येते त्याचे पारडे जड होते. मला दुसरी बाजू खरी वाटत होती, कारण बांध खात्रीचे राहिले नसताना खारे पाणी सोसणारे बियाणे हाच शेतकऱ्याचा आधार असतो. म्हणून मी दुसरे रूप ठेवले, आणि पुढच्याच वाक्यात ते कारणही दिले, जेणेकरून वाचकाला माझा कल दिसावा आणि पटला नाही तर नाकारताही यावा.

‘पण’, ‘परंतु’, ‘तथापि’, ‘मात्र’, ‘तरी’, ‘उलट’ यांना एकमेकांच्या जागी कुठेही बसवता येत नाही. ‘उलट’ने आधीचे विधान खोडले जाते. ‘मात्र’ने त्यातून एकच बाब बाजूला काढली जाते. ‘तरी’ आधीचे सगळे मान्य करते आणि त्यावर मात करणारे काही सांगते. पोर्तुगीजांनी १५१० साली तिसवाडी घेतली आणि १५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादीच्या मूळ रूपाच्या, रूढींची नोंद करणारा फोराल (सनद) तयार केला, या भागात मला ‘तरी’च हवा होता: सत्ता बदलली, तरी गावाने मिळून जमीन राखण्याची चौकट राज्यकर्त्यांना ठेवावी लागली. तिथे ‘मात्र’ घातला असता तर तो अपवाद वाटला असता. प्रत्यक्षात ती त्या साऱ्या इतिहासाची मुख्य गोष्ट आहे.

‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांतील निवड मी वाचकाला काय ठाऊक आहे यावरून केली. परिणाम सर्वांना दिसत असेल, तर तो आधी सांगून ‘कारण’ने पुढे जावे; याउलट कारणच परिचित असेल, तर तिथून निघून ‘म्हणून’पर्यंत यावे. पडीक खाजन आमच्या गावातील प्रत्येक जण रोज पाहतो, त्यामुळे त्या भागात ‘कारण’ पुष्कळदा आला आहे. खेकडे बांधात बिळे करतात हेही सर्वांना माहीत असते. त्या बिळांतून पाणी झिरपत जाऊन बांध आतून पोकळ होतो, हे तिथून पुढे नेणे सोपे गेले.

मसुदा पूर्ण झाल्यावर सरांनी तो मोठ्याने वाचून दाखवण्यास सांगितले. कानाने ऐकताना जोडशब्दांची गर्दी लगेच जाणवते. ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘शिवाय’ आणि ‘याखेरीज’ हे शब्द मी ज्या ठिकाणी दिले होते, तिथे वाक्यांचा क्रम ते काम आधीच करीत होता. अनेक वाक्ये आधीच्या वाक्याच्या शेवटच्या गोष्टीने सुरू झाली की पुरे होते: ‘...पाणी मानशीजवळच्या खोलगट भागात साठते. या भागाला पोय म्हणतात. पोयीत...’ अशा रचनेत ‘या’ आणि पुन्हा आलेले नाम हेच जोडतात. तिथले सारे ‘तसेच’ आम्ही काढले. ‘किंबहुना’ हाही काढला. त्याचा अर्थ ‘इतकेच काय, त्याहून पुढे जाऊन’ असा आहे, आणि माझे दुसरे वाक्य पहिल्याहून पुढे जात नव्हते. याउलट कारणाचे आणि विरोधाचे शब्द जवळजवळ सगळे राहिले. माझा अनुभव असा की, भर घालणारे शब्द पुष्कळदा वगळता येतात, परंतु कारण, अट, हेतू आणि विरोध यांचे शब्द वगळले तर वाचक आपल्या मनाने संबंध लावतो, आणि तो संबंध लेखकाच्या मनातला असेलच असे नाही.

गावातील माणसांचे बोलणे कोकणी, लेख मराठी. बोलताना ते ‘मागीर’, ‘मागीर’ (‘मग’, ‘मग’) असे म्हणत एकामागून एक गोष्ट सांगतात आणि कोणती कशामुळे घडली हे हातवाऱ्यांतून, आवाजाच्या चढउतारातून कळते. कागदावर हात आणि आवाज नसतो, त्यामुळे त्यांचे कथन उतरवताना संबंध शब्दांत आणणे भागच होते. तसे केलेले उतारे मी त्या त्या व्यक्तीला वाचून दाखवले. आजोबांनी एका ठिकाणी माझा ‘त्यामुळे’ नाकारला. बांध दुरुस्तीला लोक आले नाहीत ते रागामुळे नव्हे, कापणी चालू होती, एवढेच त्यांना सांगायचे होते. तिथे आता ‘त्या वेळी’ आहे.

परिच्छेदांच्या सांध्यांवर एका शब्दाने भागत नाही. मानशीच्या रचनेकडून कोमुनिदादीकडे वळताना मी प्रश्न वापरला: एवढी यंत्रणा दर वर्षी दुरुस्त करायची, तर तिचा खर्च कोण करणार? पुढचा परिच्छेद त्याचे उत्तर आहे. कोमुनिदादीकडून कूळ कायद्याकडे जाताना मागचे एका अर्ध्या वाक्यात आठवून दिले: ‘जमीन सामायिक होती तोवर बांधही सामायिक होता’. असे वाक्य मागच्या परिच्छेदाला लागू असते आणि पुढच्याचीही वाट उघडते. ते शोधायला मला एकेका शब्दापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला, पण ते मिळाले की दोन्ही परिच्छेदांतील अनेक लहान जोडशब्द अनावश्यक ठरले.

अंकाची मांडणी सुरू झाल्यावर जागेअभावी मिठागरांवरचा परिच्छेद वगळावा लागला. तो स्वतंत्र चौकटीत देण्याचे ठरले. वगळल्यावर पुढचा परिच्छेद ‘याच कारणाने’ या शब्दांनी सुरू होत होता आणि ‘याच’ने दाखवावे असे कारण वर उरलेले नव्हते, ते चौकटीत गेले होते. एखादा भाग कापला किंवा हलवला की त्याच्या खालचा पहिला जोडशब्द आणि त्यातली ‘हा’, ‘तो’, ‘त्या’ ही सर्वनामे कशाकडे बोट दाखवतात हे पुन्हा पाहावे लागते. संगणकावर परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवणे इतके सोपे झाले असताना ही तपासणी अधिकच आवश्यक आहे. मी आणि सरांनी अंतिम मुद्रित फक्त जोडशब्दांवर पेन्सिल ठेवून वाचले, प्रत्येकापाशी थांबून तो मागच्या कोणत्या वाक्याला धरून आहे ते एकमेकांना सांगितले, ‘याच कारणाने’च्या जागी ‘बांधाच्या आतील माती खारट झाल्याने’ असे पूर्ण कारण लिहिले, आणि पाने छपाईला पाठवली.